मोजणी प्लेटलेटची, धोका मात्र दुसरीकडे

पावसाचा जोर ओसरतो, तापाची साथ सुरू होते आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीत रुग्णाची चौकशी एकाच प्रश्नाने होऊ लागते : काउंट किती? काल १ लाख १० हजार होता, आज सकाळी ६२ हजार, संध्याकाळी ४१ हजार. सोसायटीच्या, ऑफिसच्या, शाळेच्या ग्रुपवर तो आकडा फिरतो. ५० हजारांच्या खाली गेला की घरातल्यांच्या तोंडचे पाणी पळते आणि ‘एसडीपी (एकाच दात्याच्या प्लेटलेटची पिशवी) हवी, डोंबिवली पूर्व, तातडीने’ असे निरोप सुटतात. डेंग्यूच्या रुग्णाला प्लेटलेट चढवायच्या की नाही, हे केवळ या एका आकड्यावरून ठरवण्याची आपल्या भागातली सवय शास्त्राला धरून नाही. खरा धोका जिथे असतो तिथून ती सगळ्यांचे लक्ष हटवते आणि ज्यांना प्लेटलेट मिळाल्याच पाहिजेत त्यांच्या वाट्याला टंचाई आणते. आकडा बहुतेक वेळा खरा असतो. पण तो किती थोडे सांगतो, हे समजण्यासाठी प्लेटलेट काम कशी करते ते आधी पाहावे लागेल.

प्लेटलेट म्हणजे अस्थिमज्जेतल्या एका मोठ्या पेशीपासून तुटून निघालेला, मिलिमीटरच्या तीनशे-चारशेव्या भागाएवढा तुकडा. १८८२ मध्ये इटलीच्या जुलिओ बिझोझेरो यांनी तिचे काम ओळखले. तिला केंद्रक नसते, म्हणून तिच्यातले एखादे विकर निकामी झाले तर नवे बनवण्याची सोय तिच्याकडे जवळपास नाही. सात ते दहा दिवस जगायचे आणि संपायचे. या तुकड्याचे खरे सामर्थ्य त्याच्या आवरणात आहे. ते आवरण फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे असते आणि दोन्ही थर सारखे नसतात. फॉस्फॅटिडिलसेरीन हे फॉस्फोलिपिड एरवी आतल्या थरात राहते. रक्तवाहिनीला इजा झाली आणि प्लेटलेट तिथे चिकटून पुरेशी उत्तेजित झाली की ते बाहेरच्या थरात येते. कॅल्शियमच्या मदतीने रक्त गोठवणारी प्रथिने त्याच पृष्ठभागावर एकत्र बसतात आणि गोठण्याची क्रिया कित्येक हजार पटींनी वेगवान होते. त्याच सुमारास आवरणातल्या फॉस्फोलिपिडमधून ॲराकिडोनिक आम्ल सुटे होते, त्याचे थ्रॉम्बॉक्झेन बनते आणि आजूबाजूच्या प्लेटलेटना ते गोळा करते. म्हणजे रक्त थांबवण्याचे निम्मे काम या आवरणातल्या उलथापालथीवर चालते. प्रयोगशाळेतले मोजणी यंत्र यातले काहीच पाहत नाही. ते फक्त विशिष्ट आकाराचे किती कण समोरून गेले ते मोजते.

संख्या आणि काम या दोन गोष्टी एकमेकींपासून किती दूर जाऊ शकतात, याचे पुरावे वैद्यकात जुने आहेत. १९१८ मध्ये स्वित्झर्लंडचे बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमान यांनी वर्णन केलेल्या आजारात प्लेटलेटची संख्या साधारणपणे व्यवस्थित असते, पण त्या एकमेकींना धरून ठेवू शकत नाहीत. मुलाच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त थांबता थांबत नाही आणि रिपोर्टवर मात्र ‘नॉर्मल’ असे छापून येते. स्कॉट सिंड्रोम नावाचा अतिशय दुर्मीळ आजार तर आपल्या मुद्द्याच्या मुळाशीच जातो. त्यात प्लेटलेट पुरेशा असतात, एकमेकींना चिकटतातही, फक्त फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येत नाही. तेवढ्या एका उणिवेने रक्तस्राव होतो. हे रेणू आतून बाहेर नेण्यासाठी लागणारे प्रथिन २०१० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधले आणि स्कॉट सिंड्रोममध्ये त्याच्याच जनुकात बिघाड सापडला. उलट टोकाचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. पश्चिम बंगाल आणि ईशान्य भारतातल्या अनेक निरोगी माणसांत प्लेटलेट आकाराने मोठ्या आणि संख्येने कमी असतात. त्याला हॅरिस प्लेटलेट सिंड्रोम म्हणतात. त्यांना रक्तस्रावाचा काहीही त्रास नसतो. नोकरीनिमित्त इथे राहायला आलेल्या अशा एखाद्याला साधा ताप आला आणि काउंट ८० हजार दिसला, तर आजार नसताना उपचार सुरू होऊ शकतात.

सगळ्यांत ओळखीचे उदाहरण ॲस्पिरिनचे आहे. हृदयविकारासाठी रोज घेतली जाणारी ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ प्लेटलेटची संख्या कमी करत नाही. आवरणातून सुटलेल्या ॲराकिडोनिक आम्लापासून थ्रॉम्बॉक्झेन बनवणारे विकर ती कायमचे बंद करते. ॲस्पिरिन या विकराचे काम रोखते हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. प्लेटलेटला नवे विकर बनवता येत नसल्याने एका गोळीचा परिणाम ती प्लेटलेट संपेपर्यंत टिकतो. आता दोन रुग्ण शेजारी ठेवून पाहा. एकाचा काउंट ३० हजार, कुठलेही औषध चालू नाही. दुसऱ्याचा ९० हजार, पण रोज ॲस्पिरिन चालू आहे आणि अंग दुखते म्हणून दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या दोन गोळ्याही पोटात गेल्या आहेत. काउंटवर बोट ठेवणारे घर पहिल्यासाठी धावाधाव करील. रक्तस्रावाची अधिक काळजी मात्र दुसऱ्याच्या बाबतीत वाटायला हवी. डेंग्यूच्या तापात पॅरासिटामॉलशिवाय दुसरी तापाची गोळी, म्हणजे ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, मेफेनॅमिक ॲसिड, घेऊ नये असे डॉक्टर बजावतात ते यासाठीच. (स्टेंट बसवलेल्यांनी मात्र ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करू नये, ते हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच ठरवावे.)

मग प्लेटलेटचे कामच का मोजत नाहीत, असे कोणी विचारील. मोजता येते, पण सहज नाही. पेशीतून स्निग्ध पदार्थ वेगळे काढण्याची क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलची रीत फोल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केली. १९६९ मध्ये न्यू यॉर्कला ॲरन मार्कस यांच्या गटाने मानवी प्लेटलेटच्या निरनिराळ्या भागांतल्या स्निग्धांशाची सविस्तर मोजदाद मांडली. किरणोत्सारी फॉस्फरस वापरून कुठले फॉस्फोलिपिड किती वेगाने तुटते आणि पुन्हा बनते, हेही अभ्यासले गेले. आज हे काम मास स्पेक्ट्रोमीटरवर होते आणि बाहेर आलेले फॉस्फॅटिडिलसेरीन फ्लो सायटोमीटरवर रंगवून पाहता येते. अडचण यंत्रापेक्षा नमुन्याची जास्त आहे. प्लेटलेट अतिशय चिडकी पेशी आहे. सुई नीट लागली नाही, नळी जोरात हलली, नमुना फ्रिजमध्ये ठेवला, तरी ती उत्तेजित होते आणि आपण रुग्णाचे रक्त मोजण्याऐवजी हाताळणीतली चूक मोजत बसतो. त्यात लाल आणि पांढऱ्या पेशींची थोडी भेसळ राहिली तरी स्निग्धांशाचे गणित बिघडते. रोजच्या काउंटचे रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. कार्यचाचणीसाठी निळ्या झाकणाची नळी लागते आणि साधारण चार तासांत काम उरकावे लागते. डोंबिवलीत घेतलेला नमुना गर्दीच्या लोकलमधून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत न्यायचा तर वेळ आणि हिसके दोन्ही नडतात. शिवाय काउंट फारच खाली असेल तर नेहमीची कार्यचाचणी विश्वासार्ह राहत नाही. म्हणून डेंग्यूच्या रुग्णाची कार्यचाचणी करा, अशी मागणी मी करणार नाही. जे आपल्याला मोजता येत नाही त्याच्या जागी जे सहज मोजता येते ते बसवून त्याच्या हाती निर्णय देऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

तो सहज मोजता येणारा आकडाही दगडावरची रेघ नसतो. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीए या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. यंत्राला गठ्ठा मोजता येत नाही आणि काउंट खोटाच खाली दिसतो. मोठ्या प्लेटलेट यंत्राच्या नजरेतून सुटतात, तुटक्या लाल पेशी प्लेटलेट म्हणून मोजल्या जातात. काउंट जितका कमी तितकी चुकीची टक्केवारी जास्त. सकाळी १८ हजार आणि दुपारी दुसऱ्या लॅबमध्ये २४ हजार, यावरून ‘वाढल्या’ म्हणून हायसे वाटण्यात किंवा उलट झाले म्हणून हवालदिल होण्यात अर्थ नाही. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकातून एकदा पाहिले तर यातले बरेचसे घोळ मिटतात.

आता डेंग्यूचा खरा धोका. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा प्लेटलेट कमी झाल्या म्हणून नव्हे. केशवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात, रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपतो, पोटात आणि छातीत साचतो, रक्त दाट होते, रक्तदाब कोसळतो. हा झिरपा ताप उतरताना, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान सुरू होतो आणि २४ ते ४८ तास चालतो. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात नेमके तेव्हा. रक्त किती दाट झाले हे पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट हा आकडा सांगतो, आणि तो आकडा प्लेटलेटच्याच कागदावर, सीबीसीच्या रिपोर्टमध्ये, चार ओळी वर छापलेला असतो. त्यासाठी वेगळे रक्त काढावे लागत नाही, वेगळे पैसे पडत नाहीत. सुरुवातीला ३८ असलेला पीसीव्ही ४६ झाला, म्हणजे २० टक्क्यांहून अधिक वाढला, तर झिरपा मोठा आहे. तिथे उपाय सलाईनचा असतो, तोही मोजूनमापून, कारण जास्त झालेले सलाईन फुप्फुसात उतरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये दिलेली धोक्याची लक्षणे कोणत्याही घराला ओळखता येतील अशी आहेत : पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गळून जाणे किंवा अस्वस्थपणा. पीसीव्ही वाढत असताना प्लेटलेट झपाट्याने घसरणे हेही त्याच यादीत आहे. तिथे काउंट पीसीव्हीच्या जोडीने येतो, एकटा येत नाही. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की डेंग्यूत प्लेटलेट नुसत्या कमी होत नाहीत, उत्तेजितही होतात, फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर काढून मरणाच्या वाटेला लागतात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करणारे पदार्थही सोडतात. अशा रक्तात बाहेरून ओतलेल्या प्लेटलेटही फार काळ टिकत नाहीत.

हे केवळ तर्काने सांगत नाही. सिंगापूर आणि मलेशियातल्या पाच रुग्णालयांत ३७२ प्रौढ डेंग्यू रुग्णांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. सगळ्यांचा काउंट २० हजार किंवा त्याहून कमी होता, मोठा रक्तस्राव कोणालाच नव्हता. निम्म्यांना प्लेटलेट दिल्या, निम्म्यांना दिल्या नाहीत. पुढे रक्तस्राव झाला तो पहिल्या गटात सुमारे २१ टक्क्यांना आणि दुसऱ्यात सुमारे २६ टक्क्यांना, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही. प्लेटलेट घेतलेल्या गटात अपाय मात्र १३ झाले, दुसऱ्या गटात २. भारत सरकारची डेंग्यू उपचाराची मार्गदर्शक तत्त्वेही रक्तस्राव नसेल तर १० हजारांच्या खालीच प्लेटलेटचा विचार करायला सांगतात. आपल्याकडे ५० हजारांवर सुरू होणारी पळापळ या मर्यादेपासून पाचपट दूर आहे.

‘पण आमच्या माणसाला प्लेटलेट लावल्या आणि दुसऱ्या दिवशी काउंट वाढला’, हे उत्तर घरोघरी ऐकू येते आणि ते खोटे नसते. सहाव्या-सातव्या दिवसानंतर अस्थिमज्जा पूर्ववत काम करू लागते आणि काउंट आपोआप वर येतो. पाचव्या दिवशी प्लेटलेट दिल्या तर श्रेय त्यांना जाते, पपईच्या पानांचा रस दिला तर रसाला, किवी दिले तर किवीला, बकरीचे दूध दिले तर दुधाला. पपईच्या पानांवर काही लहान चाचण्या झाल्या आहेत आणि काउंट थोडा लवकर वाढतो असे त्यांतल्या काहींत दिसले. रक्तस्राव टळतो किंवा जीव वाचतो असे त्यांतून सिद्ध होत नाही. उलट्या होणाऱ्या रुग्णाला तो कडू रस पाजला तर पोटात राहिलेले पाणीही बाहेर पडते, हा तोटा कोणी जमेस धरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : देऊन ठेवल्या तर बिघडले काय, उगाच जोखीम कशाला? बिघडते. प्लेटलेटच्या पिशवीने थंडी वाजून ताप येऊ शकतो, पुरळ येऊ शकते, क्वचित फुप्फुसांना गंभीर इजा होते. आधीच पाणी झिरपत असलेल्या शरीरावर जास्तीचा द्रव लादला जातो. शरीरात प्रतिपिंडे तयार झाली तर पुढे आयुष्यात कधी खरीच गरज पडेल तेव्हा दिलेल्या प्लेटलेट लागू पडत नाहीत. तिसरा आक्षेप डॉक्टरांच्या बाजूने येतो आणि तो मला मनापासून पटतो. काउंट १५ हजार असताना प्लेटलेट न देता थांबलो आणि काही बरेवाईट झाले, तर नातेवाईक अंगावर येतील. महाराष्ट्रात रुग्णालयांवरचे हल्ले रोखण्यासाठी २०१० मध्ये कायदा करावा लागला, यातच ही भीती किती खरी आहे ते दिसते. पण भीतीवर उतारा भीतीने दिलेली पिशवी हा असू शकत नाही. प्रत्येक पिशवीमागे कारण लिहिले गेले, आणि न देण्यामागचेही लिहून नातेवाइकांना वाचून दाखवले, तर डॉक्टरलाही आधार मिळेल.

एका घरातल्या भीतीची किंमत दुसऱ्या घराला मोजावी लागते. प्लेटलेट २० ते २४ अंश तापमानात, सतत हलत्या यंत्रावर ठेवाव्या लागतात आणि पाचच दिवस टिकतात. लाल पेशींसारखा त्यांचा साठा करता येत नाही. रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्या मुलाचा काउंट १० हजारांच्या खाली गेला की त्याला प्लेटलेट द्याव्याच लागतात. तिथे त्या रक्तस्राव टाळतात याला भक्कम पुरावा आहे. ठाणे-कल्याण पट्ट्यातून परळच्या टाटा रुग्णालयात उपचारासाठी जाणारी कुटुंबे आहेत. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात तापाच्या साथीने प्लेटलेटची मागणी फुगते, तेव्हा हीच कुटुंबे रक्तपेढ्यांचे उंबरठे झिजवतात. ३५ हजार काउंटच्या, हसतखेळत जेवणाऱ्या डेंग्यू रुग्णाला लावलेली पिशवी कुठून तरी कमी झालेली असते.

आकड्यावरच्या या श्रद्धेचा आणखी एक बळी आहे, ज्याची बातमी होत नाही. पाळीत अतोनात रक्त जाणाऱ्या मुलींचा काउंट २ लाख ४० हजार आला की ‘प्लेटलेट व्यवस्थित आहेत’ म्हणून लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवले जाते. त्यांच्यातल्या काहींच्या प्लेटलेट संख्येने पुरेशा आणि कामाने अधू असतात, काहींच्या रक्तात प्लेटलेटला चिकटवणारे प्रथिन कमी असते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत आढळले. त्याचे मुख्य कारण आहार आणि लोहाची कमतरता हेच आहे, पण त्या गर्दीत रक्तस्रावाचा जन्मजात आजार असलेल्या मुली लपून जातात. कार्यचाचणीची खरी गरज इथे आहे. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात, १९५७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत असे आजार ओळखण्याचे काम वर्षानुवर्षे चालले आहे. तशी चाचणी खाडीच्या अलीकडे, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयात नेहमीसाठी, माफक दरात व्हायला हवी. नमुना गाडीतून न्यायचा नसेल तर रुग्णच जिथे सहज पोहोचतो तिथे यंत्र असले पाहिजे.

येत्या पावसाळ्याआधी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी तीन गोष्टी कराव्यात. आपल्या हद्दीतल्या लॅबना तापाच्या रुग्णाच्या सीबीसीत पीसीव्ही आणि प्लेटलेट एकाच ठळक अक्षरात, आधीच्या दिवसाच्या आकड्यासह छापायला सांगावे. कळवा, रुक्मिणीबाई आणि शास्त्रीनगर रुग्णालयांपासून सुरुवात करून, डेंग्यू रुग्णाला दिलेल्या प्रत्येक प्लेटलेट पिशवीचे कारण, काउंट आणि रक्तस्राव होता की नाही याची नोंद ठेवावी आणि हंगाम संपल्यावर ती जाहीर करावी. आणि कल्याण-डोंबिवलीलगतच्या २७ गावांत नळाला पाणी नियमित येईल, घोडबंदर रस्त्यावरच्या बांधकामांत पाणी साचणार नाही, हे आधी पाहावे. पाण्याची पिंपे भरून ठेवावी लागतात तिथे एडिस डास वाढतो आणि साथ तिथूनच सुरू होते. नागरिकांनी तापाच्या रुग्णाची विचारपूस करताना लघवी होते आहे का, पोट दुखते आहे का, पीसीव्ही किती, हे आधी विचारावे. ज्यांची प्रकृती चांगली आहे त्यांनी ऑगस्टमध्ये जवळच्या रक्तपेढीत प्लेटलेटदाता म्हणून नाव जरूर नोंदवावे. त्या प्लेटलेट कोणाला आणि कशासाठी द्यायच्या, हे मात्र डॉक्टरांना ठरवू द्यावे.